मेक्सिको सिटीतल्या छोट्या, गाजलेल्या रेस्तराँमध्ये जेवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिको सिटीत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत घरी कुणी ना कुणी पाहुणे असतातच. कधी पुण्याहून आत्या येते, कधी डॅलसहून मावसभाऊ बायकामुलांसह येतो, कधी नवऱ्याचे कॉलेजचे मित्र. प्रत्येकाला फोटोत पाहिलेल्या एखाद्या छोट्या जागी जेवायचं असतं आणि प्रत्येकाचे प्रश्न तेच असतात. ते एकदाचे इथे नीट लिहून ठेवते आहे.

अशी जागा म्हणजे नेमकी कशी?

रोमा, कोन्देसा, हुआरेस, सान मिगेल चापुल्तेपेक या वस्त्यांत जुन्या घरांच्या तळमजल्यावर दहा-बारा टेबलांची रेस्तराँ आहेत. स्वयंपाकघर समोर उघडं, मेन्यू एका पानाचा, तोही दर आठवड्याला बदलणारा, आणि बाहेर फुटपाथवर माणसं ताटकळत उभी. रोमामधल्या ‘एक्सपेंदिओ दे माईस’मध्ये तर मेन्यूच नाही. बसलात की एकेक पदार्थ येत राहतो आणि तुम्ही ‘बास’ म्हणाल तेव्हा थांबतो. आपल्या पंगतीत आग्रह करकरून वाढायचे, त्याची आठवण येते.

‘एल कालिफा दे लेओन’बद्दलही सगळे विचारतात. हे सान राफाएल वस्तीतलं १९६८ पासूनचं टाकोचं दुकान. रेस्तराँना दर्जाचे तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडची मेक्सिकोसाठीची पहिली यादी २०२४ मध्ये आली, तेव्हा त्याला एक तारा मिळाला. जागा एवढीशी आहे, खायचं उभ्यानेच आणि यादी मोजक्या टाकोंची, सगळे मांसाचे. ज्याच्यासाठी गर्दी होते तो गाओनेरा गोमांसाचा असतो. हे जाण्यापूर्वीच सांगते, कारण रांगेत अर्धा तास उभं राहून मग कळलं की फार वाईट वाटतं.

टेबल आधी राखून ठेवावं लागतं का? किती वाजता जावं?

शुक्रवार ते रविवार जाणार असाल तर आठवडाभर आधी ठेवा. बऱ्याच जागा ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर नोंदणी घेतात. काही ठिकाणी माणशी अनामत कार्डावर अडकवतात. ‘तोलेरान्सिआ १५ मिनुतोस’ असं लिहिलेलं असेल तर पंधरा मिनिटांनंतर टेबल गेलं असं समजा.

पण खरा घोळ वेळेचा होतो. इथलं मुख्य जेवण दुपारचं, त्याला ‘कोमिदा’ म्हणतात, आणि ते दोन ते पाचच्या दरम्यान होतं. आपण साडेबाराला भूक लागली म्हणून जातो तर शटर अर्धं खाली, आणि रात्री नऊला जातो तर चांगली जागा बंद झालेली. दुरांगो रस्त्यावरचं ‘कोन्त्रामार’ हे माशांसाठी गाजलेलं ठिकाण. ते १९९८ पासून आहे, फार छोटं नाही, पण तेही मुळात दुपारच्या जेवणाचंच. माझा सल्ला एकच: सकाळी भरपेट न्याहारी करा आणि दुपारी एकच्या ठोक्याला, दार उघडताच जा. तेव्हा नोंदणीशिवायही जागा मिळते आणि तवाही नुकता तापलेला असतो. सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, तेवढं पाहून घ्या.

जागा चांगली आहे की नुसती फोटोपुरती, हे कसं ओळखायचं?

तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, ती बघा. बाकी काही बघू नका. भिंतीचा रंग, कुंड्या, दिवे, ताटल्या हे सगळं कुणालाही विकत आणता येतं. तोर्तिया चांगली व्हायची तर आदल्या रात्रीपासून मेहनत लागते.

मक्याचे दाणे पाण्यात चुना घालून शिजवायचे. हा आपण पानाला लावतो तोच चुना, किलोला साधारण दहा ग्रॅम. मग रात्रभर त्याच पाण्यात भिजत ठेवायचे. सकाळी दाण्यांची सालं सुटलेली असतात. ते धुऊन दगडी जात्यावर ओले वाटले की जो गोळा होतो तो ‘मासा’, आणि त्या भिजलेल्या मक्याला म्हणतात ‘निश्तामाल’. शब्द इथल्या मूळ लोकांच्या नावात्ल भाषेतला आहे, त्यातल्या ‘नेश्तली’चा अर्थ राख. नुसत्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, चुन्यामुळे तो येतो. शिवाय मक्यातलं अडकून बसलेलं ब-३ जीवनसत्त्व मोकळं होतं. मका युरोपात गेला तो ही रीत मागे ठेवून, आणि जिथे गरिबांचं पोट फक्त मक्यावर होतं तिथे हे जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या पेलाग्राच्या रोगाने माणसं पिढ्यान्‌पिढ्या खंगली. इथल्या बायकांना हे हजारो वर्षं हाताने माहीत होतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

म्हणून आत गेल्यावर विचारा, ‘निश्तामाल इथेच करता का? मका कुठला?’ मेक्सिकोत मक्याचे ५९ देशी वाण मोजले गेले आहेत. निळा, लाल, पिवळा, पांढरा, जांभळट असे रंग त्यात आहेत. चांगल्या जागेतला वेटर लगेच सांगतो, मका ओआहाकाचा आहे की त्लाश्कालाचा. तयार पिठाची तोर्तिया वापरणारा गडबडतो. खाऊन पाहायची खूण म्हणजे, चांगली तोर्तिया घडी घातली तर चिरत नाही, आणि नुसती खाल्ली तरी गोडसर लागते.

माझ्या घराजवळच्या एका जागी खिडकीतच तवा आहे. त्याला ‘कोमाल’ म्हणतात. तिथल्या बाई निळ्या पिठाचा लिंबाएवढा उंडा घेतात, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून दाबतात, तळहातावर सोलून घेतात आणि कडेकडेने तव्यावर सोडतात. कडा कोरडी दिसली की बोटांनीच उलटतात. मग पुन्हा उलटतात, आणि तिसऱ्या वेळी बोटांच्या टोकांनी मधोमध हलकंसं दाबतात. पापुद्रा सुटतो आणि तोर्तिया टम्म फुगते. आत्या पहिल्यांदा हे बघत होती तेव्हा न राहवून मोठ्याने म्हणाली, “अगं, पदर सुटला!” त्या बाईंना मराठी कुठून कळणार, पण आत्याचा चेहरा कळला. त्यांनी ती तोर्तिया वरून मीठ भुरभुरवून, गुंडाळून थेट आत्याच्या हातात दिली. नंतरच्या तोर्तिया कापडात गुंडाळून दुरडीतून आल्या, आपल्याकडे भाकऱ्या येतात तशाच.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. पण ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नका. इथे ‘वेहेतारियानो’ म्हटलं की काही जण लाल मांस तेवढं टाळतात. दुसरं म्हणजे मांस दिसत नाही अशा पदार्थांतही ते असतं.

माझी आई आली होती तेव्हाची गोष्ट. एका छोट्या जागी आम्ही राजम्यासारखे दिसणारे, घोटलेले काळे फ्रिहोलेस मागवले. आईला आवडले, अर्धी वाटी संपली. मग मी सहज विचारलं तर कळलं, फोडणी डुकराच्या चरबीची. त्यांची चूक नव्हती, इथली रीतच ती. विचारायला हवं होतं मी. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने पुढे काही खाल्लं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे वाक्य फोनमध्ये लिहून देते:

‘सोय वेहेतारियाना. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो, पोर फावोर.’

पुरुषांनी ‘वेहेतारियानो’ म्हणायचं. अर्थ असा की मांस, कोंबडी, मासे, चरबी, कोंबडीचं पाणी यांतलं काहीही नको. अंडं चालत नसेल तर ‘सिन वेवो’ जोडा. मांतेका, म्हणजे चरबी, फ्रिहोलेसमध्ये आणि तामालेसमध्ये (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) हमखास असते. लाल भात बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, तोही त्यातच सैल करतात. आणखी एक: मेस्काल या इथल्या दारूबरोबर संत्र्याच्या फोडीवर किंवा ग्लासच्या काठाला लालसर मीठ येतं, त्यात वाळवून वाटलेल्या अळ्या असतात. ‘साल दे गुसानो’ असं लिहिलेलं दिसलं तर साधं मीठ मागा. ‘चापुलिनेस’ म्हणजे नाकतोडे, ‘एस्कामोलेस’ म्हणजे मुंग्यांची अंडी-अळ्या. मेन्यूवर हे शब्द शोधून ठेवा.

आता खायचं काय ते सांगते. हा खरा आनंदाचा भाग आहे, कारण शेतावरचं आणि बांधावरचं जे आपण खातो ते इथेही खातात. भोपळ्याच्या फुलांची केसादिया घ्या. निवडुंगाच्या कोवळ्या पानांना ‘नोपाल’ म्हणतात, तव्यावर भाजलेले नोपाल आंबटसर आणि भेंडीसारखे किंचित बुळबुळीत लागतात. ‘केलितेस’ म्हणजे रानभाज्या, त्यांत आपल्या माठाची चुलतभावंडं असतात. ‘वेर्दोलागास’ तर साक्षात आपली घोळ! मात्र ती बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून विचारा. लांबट आकाराची, आत पावट्यासारख्या बियांचं किंवा फ्रिहोलेसचं सारण भरलेली जाड भाकरी म्हणजे ‘त्लाकोयो’. वरून नोपाल आणि चीज. माझ्या मते या शहरातला सगळ्यात चांगला शाकाहारी पदार्थ तोच. आणि पावसाळ्यात आलात तर ‘वित्लाकोचे’ सोडू नका. कणसावर वाढणारी ही करडी-काळी बुरशी आहे. दिसायला नको वाटते, चव अळंब्यांच्या जवळची पण जास्त मातकट, खोल.

केसादियात चीज नव्हतं. चुकून राहिलं का?

नाही. या शहरात केसादिया म्हणजे घडी घातलेली भरलेली तोर्तिया. नावात ‘केसो’, म्हणजे चीज, असलं तरी ते हवं तर ‘कोन केसो’ म्हणावं लागतं. बाकीच्या मेक्सिकोतले लोकही यावरून राजधानीवाल्यांशी भांडतात.

मांसाहारी आहोत, पण गोमांस आणि डुक्कर नको.

मग बरंच टाळावं लागेल. उभ्या सळईवर फिरणारा, अननसाचा तुकडा घातलेला ‘अल पास्तोर’ टाको डुकराचा असतो. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्यातून तो घडला, पण इथे मांस बदललं. ‘रेस’, ‘बिस्तेक’, ‘आर्राचेरा’, ‘सुआदेरो’ हे सगळं गोमांस. ‘सेर्दो’, ‘कार्नितास’, ‘चोरिसो’, ‘चिचार्रोन’ म्हणजे डुक्कर.

तुमच्यासाठी ‘बार्बाकोआ दे बोर्रेगो’. मेंढीचं मांस घायपातीसारख्या ‘मागेय’ नावाच्या झाडाच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवतात, आणि खाली जमलेला रस वाटीतून प्यायला देतात. मटणाचा पिवळा रस्सा ज्यांना आवडतो त्यांना तो आवडेलच. बार्बाकोआ शनिवार-रविवारचा पदार्थ आहे, मधल्या वारी शोधू नका. मासे खात असाल तर प्रश्नच नाही, ट्यूनाच्या तोस्तादा (कुरकुरीत तोर्तिया) आणि लिंबात मुरवलेलं सेविचे बहुतेक नव्या जागांत मिळतं.

तिखट किती असतं? आपल्याला चालेल ना?

चालेल, पण तिखट वेगळ्या जातीचं आहे. आपण मिरची पदार्थात घालतो. इथे पदार्थ सौम्य असतो आणि सालसा, म्हणजे चटणी, बाजूला, जो तो आपापल्या हिमतीने घेतो. आधी तोर्तियाच्या टोकाला लावून चाखा. केशरी आणि लहान वाटीत असेल तर तो हबानेरो मिरचीचा, त्याला जपून.

मिरच्यांची नावं गोंधळात टाकतात, कारण ओली मिरची वाळली की इथे तिचं नावही बदलतं. पोब्लानो वाळली की आंचो, हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. ग्वाहियो रंगासाठी, आपल्या ब्याडगीसारखी. आर्बोल लहान आणि जहाल, लवंगीच्या स्वभावाची. आणि काळा मोले चाखाल तेव्हा खानदेशी काळ्या मसाल्याची आठवण येईल. मिरच्या आणि त्यांच्या बिया करपेपर्यंत भाजलेल्या, तीळ, लवंग, दालचिनी, दाणे, वर थोडं चॉकलेट. मोले करतात त्या दिवशी गल्लीत तोच ठसका उठतो. दाण्यांची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर मात्र मोले टाळाच.

एकादशी आहे. उपवासाचं काही?

रेस्तराँमध्ये जुळवून घ्यावं लागेल. फळं, अवाकाडो, ‘कामोते’ म्हणजे रताळं. पण एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. राजगिरा, दाणे, रताळं, बटाटा, साबुदाण्याचा कंद, ही आपली उपवासाची बरीचशी शिदोरी अमेरिका खंडातून आली, आणि त्यातला राजगिरा तर इथलाच. बिलाबरोबर कधी कधी छोटी वडी येते, तिचं नाव ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद. मधात किंवा गुळासारख्या पाकात थापलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या. तोंडात टाकल्यावर आत्याने विचारलं, “हे यांनी आपल्याकडून घेतलं का?” उलट आहे आत्या, उलट.

कांदा-लसूण नको असेल तर ‘सिन सेबोया, सिन आहो’. सालसा आधीच वाटून ठेवलेले असतात, त्यात दोन्ही असतात. त्यामुळे लिंबू-मीठ-मिरचीवर भागवा.

नाचोज कुठे आहेत?

इथे नाहीत. नाचोज १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात जन्मले आणि तिकडेच मोठे झाले. कडक टाको आणि पिवळं पातळ चीजही तिकडचंच. मुलं हट्ट करतील तर ‘तोतोपोस’ (तोर्तियाचे कुरकुरीत तुकडे) आणि ग्वाकामोले (अवाकाडोची चटणी) मागवा, खूश होतात.

पाणी, बर्फ, पेयं?

नळाचं पाणी कुणीच पीत नाही. या रेस्तराँमधला बर्फ शुद्ध पाण्याचा असतो, मी सहा वर्षं निर्धास्त घेते आहे. ‘आग्वा दे हामाइका’ जरूर प्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. चिंचेचंही मिळतं, आणि चिंच मात्र आपल्या बाजूने इकडे आली.

मेस्काल घुटक्या-घुटक्याने घ्यायचा, एका दमात नाही. शहर २,२४० मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ सहाशे मीटर वर. विमानातून उतरल्या दिवशी दारूही लवकर चढते आणि पोटही मंद असतं. पहिल्या रात्री हलकं खा.

बिल येतच नाही. विसरले का?

विसरले नाहीत. न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ असं सांगणं, आणि तो इथे अपमान मानतात. जेवणानंतर गप्पा मारत बसण्याला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्दच आहे, ‘सोब्रेमेसा’. निघायचं असेल तेव्हा ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा.

मेन्यूवरच्या किमतीत १६ टक्के कर धरलेलाच असतो. टिप वेगळी, १० ते १५ टक्के. कार्डाचं यंत्र टेबलावर आणून आधी ‘किती टक्के?’ विचारतात, ते टिपेबद्दल असतं. कायद्याने टिप ऐच्छिक आहे, पण वेटरचं घर तिच्यावर चालतं, तेव्हा हात आखडू नका. हिशेबाला सोपं म्हणून एक पेसो साधारण पाच रुपये धरा.

इंग्रजी चालतं का?

रोमा-कोन्देसात चालतं, जरा जास्तच चालतं, आणि त्याबद्दल बोलायला हवं. या वस्त्यांत परदेशी लोक इतके वाढले की घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली. जुलै २०२५ मध्ये याविरुद्ध कोन्देसात मोर्चा निघाला, दुकानांच्या काचा फुटल्या. मीही इथे परकीच आहे, त्यामुळे ही टोचणी मला आहे. पाहुण्यांना मी एवढंच सांगते: आत शिरताना ‘बुएनास तार्देस’ (शुभ दुपार) म्हणा, मोडकं-तोडकं का होईना स्पॅनिश बोला, सालसा सौम्य करायला लावू नका. आणि एक जेवण गाजलेल्या जागी केलंत तर दुसरं गल्लीतल्या ‘फोंदा’त, म्हणजे साध्या खाणावळीत, करा. तिथे ‘कोमिदा कोरिदा’ मिळते: सूप, भात, मुख्य पदार्थ, सरबत, ठरलेल्या किमतीत. आपली राइस प्लेटच.

जेवताना भोंगा वाजला तर?

उठा आणि बाहेर जा. पर्स, फोन, ताट, काही बघू नका. तो भूकंपाचा इशारा असतो आणि हातात फार तर मिनिटभर असतं. रोमा-कोन्देसा जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेत. १९ सप्टेंबर १९८५ आणि १९ सप्टेंबर २०१७, दोन्ही वेळा इथे इमारती कोसळल्या. बसल्या बसल्या दार कुठे आहे ते पाहून ठेवायची सवय मलाही इथेच लागली. वेटर सांगतील तिकडे चला. नंतर सगळे परत येऊन आपापल्या टेबलावर बसतात.

अनोळखी माणसं आमच्या टेबलापाशी थांबून काहीतरी म्हणतात. काय?

‘प्रोवेचो.’ जेवून निघालेला माणूस वाटेतल्या प्रत्येक टेबलाला हे म्हणतो. आपलं ‘सावकाश होऊ द्या’. उत्तर ‘ग्रासियास’. निघताना तुम्हीही म्हणा. माझी भाची पहिल्या दिवशी लाजली, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत सगळ्यांना म्हणत गेली.

उरलेलं बांधून देतात का?

आनंदाने. ‘पारा येवार’ म्हणा. तोर्तियाही मागून घ्या, उरल्या असतील तर टाकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे तुकडे करून थोड्या तेलात कुरकुरीत करायचे, उरलेला हिरवा सालसा गरम करून त्यात परतायचे, वरून साय आणि कांदा. याला ‘चिलाकिलेस’ म्हणतात आणि अख्खं शहर न्याहारीला हेच खातं. माझ्या घरी आम्ही त्याला फोडणीची पोळी म्हणतो. मुरायच्या आत खायची.